विश्लेषण : कोलोनोस्कोपीआधी पोट साफ करण्याचे कोणते औषध कोणासाठी योग्य?

डॉक्टरांनी कोलोनोस्कोपी सांगितली की बहुतेक रुग्णांना आधी भीती वाटते ती दुर्बिणीची. तपासणी करून आलेली माणसे मात्र वेगळेच सांगतात. गुंगीत असताना अर्ध्या-पाऊण तासाची तपासणी कधी झाली ते कळलेही नाही, त्रास झाला तो आदल्या दिवशीच्या औषधाचा आणि रात्रभराच्या खेपांचा. याच कारणाने काही जण औषध अर्धवट पितात, काही जण ‘पोट तर रोजच साफ होते’ म्हणून ते टाळतात, तर काही जण तपासणीच पुढे ढकलतात. आता बाजारात २ लिटर द्रावणाची पुडी, छोटी बाटली, लहानशी पावडर असे अनेक पर्याय आहेत. कमी प्यायचे ते चांगले, असा साधा हिशेब त्यावर केला जातो. तो नेहमी बरोबर असतोच असे नाही.

आतडे साफ असणे इतके आवश्यक का?

मोठे आतडे साधारण दीड मीटर लांबीचे असते. कोलोनोस्कोपीत गुदमार्गातून लवचिक दुर्बीण आत घालून अंधांत्रापर्यंत, म्हणजे लहान आतडे जेथे मोठ्या आतड्याला मिळते तेथपर्यंत नेली जाते आणि बाहेर काढताना अस्तराचा प्रत्येक भाग पाहिला जातो. डॉक्टर शोधत असतात ते पॉलिप, सूज, व्रण किंवा रक्तस्रावाची जागा. मोठ्या आतड्याचे बहुसंख्य कर्करोग पॉलिपमधून अनेक वर्षांत तयार होतात. त्यामुळे पॉलिप वेळीच सापडून त्याच तपासणीत काढला गेला, तर पुढचा कर्करोग टळू शकतो.

मात्र अस्तरावर मळाचा पातळ थर जरी राहिला, तरी काही मिलिमीटरचा पॉलिप त्याखाली लपतो. आतड्याच्या उजव्या भागातील पॉलिप अनेकदा चपटे, आजूबाजूच्या अस्तराच्याच रंगाचे असतात आणि तेच सर्वाधिक निसटतात. म्हणजे अपुऱ्या तयारीचा धोका केवळ तपासणी पुन्हा करावी लागण्याचा नाही. ‘काही आढळले नाही’ असा अहवाल मिळून रुग्ण निर्धास्त होणे, हा त्याहून मोठा धोका आहे. अमेरिकेतील पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात २० ते २५ टक्क्यांपर्यंत कोलोनोस्कोपींमध्ये तयारी अपुरी राहत असल्याचे नमूद केले होते.

भारतात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. अमेरिकेत ४५ वर्षांपासून लक्षणे नसतानाही मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी चाचणी सुचवली जाते. आपल्याकडे तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी सरकारी तपासणी कार्यक्रम आहे, मोठ्या आतड्यासाठी तसा नाही. त्यामुळे येथे कोलोनोस्कोपीला येणारा रुग्ण बहुधा शौचावाटे रक्त, न समजणारा रक्तक्षय, घटलेले वजन किंवा शौचाच्या सवयीत झालेला बदल अशी तक्रार घेऊनच येतो. त्याच्यासाठी ही तपासणी वाया जाणे परवडणारे नसते.

पूर्वी आतडे कसे साफ करत?

पूर्वी दोन-तीन दिवस केवळ पातळ आहार, एरंडेल किंवा सोनामुखीसारखे रेचक आणि वरून एनिमा अशी पद्धत होती. रुग्ण थकून जाई आणि आतडे साफ होईलच याची खात्री नसे. मॅनिटॉल या साखरेसारख्या पदार्थाचे द्रावणही वापरले जाई. ते पोट झपाट्याने साफ करते, पण आतड्यातील जिवाणू ते आंबवतात आणि हायड्रोजनसारखा ज्वालाग्राही वायू तयार होतो. विजेच्या तारेने पॉलिप कापताना या वायूचा स्फोट होऊन रुग्ण दगावल्याची नोंद १९७९ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्यानंतर मॅनिटॉलचा वापर मागे पडला.

पुढच्याच वर्षी, १९८० मध्ये, अमेरिकेतील डॅलस येथील जॉन फोर्डट्रान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलिइथिलीन ग्लायकॉल, म्हणजेच ‘पेग’चे द्रावण मांडले. आजही इतर औषधांची तुलना याच द्रावणाशी केली जाते.

पेगचे द्रावण नेमके काय करते?

पेगचा रेणू मोठा असतो. तो आतड्यातून रक्तात जवळपास शोषला जात नाही आणि स्वतःभोवतीचे पाणी धरून ठेवतो. द्रावणात सोडियम, पोटॅशियम असे क्षार मोजून घातलेले असतात. त्यामुळे द्रावणातले पाणी आणि क्षार शरीरात फारसे जात नाहीत, तसेच शरीरातले बाहेरही ओढले जात नाहीत. जेवढे प्यायले तेवढे आतडे धुऊन बाहेर पडते. मूत्रपिंडाचा विकार, हृदयाची क्षमता कमी असणे, यकृताचा गंभीर आजार अशा रुग्णांसाठी डॉक्टर बहुधा पेगच निवडतात, ते यामुळे.

पेगची अडचण म्हणजे त्याचे प्रमाण आणि चव. मूळ पद्धतीत ४ लिटर द्रावण प्यावे लागे. भारतात २ लिटर पाण्यात विरघळवायची पुडी सर्रास दिसते. काही द्रावणांत ‘क’ जीवनसत्त्वाचे क्षार मिसळून प्रमाण निम्म्यावर आणले आहे. हे जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत शोषले न गेल्याने स्वतःही रेचकाचे काम करते. मात्र जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असलेल्यांनी असे द्रावण घेऊ नये, कारण त्यांच्या तांबड्या पेशी फुटण्याचा धोका असतो.

चव सहन व्हावी म्हणून द्रावण थंड करून, स्ट्रॉने आणि दर १० ते १५ मिनिटांनी एक ग्लास या गतीने पिण्याचा सल्ला दिला जातो. मळमळू लागल्यास अर्धा तास थांबून पुन्हा सुरुवात करता येते. साखर मात्र घालू नये. त्याने द्रावणाचे मोजून साधलेले संतुलन बिघडते.

‘कमी प्यायची’ औषधे कोणती?

दोन प्रकार प्रमुख आहेत. पहिला सोडियम पिकोसल्फेट आणि मॅग्नेशियम सायट्रेट यांचे मिश्रण. पुडी जेमतेम एका पेल्यात विरघळते आणि चव संत्र्या-लिंबासारखी असते. पिकोसल्फेट मोठ्या आतड्यातील जिवाणूंमुळे सक्रिय होऊन आतड्याची हालचाल वाढवते, तर मॅग्नेशियमचा क्षार आतड्यात पाणी ओढतो. दुसरा प्रकार म्हणजे सोडियम, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम यांच्या सल्फेटचे द्रावण. अमेरिकेत त्याला २०१० मध्ये मान्यता मिळाली. तेथे २०२० पासून सल्फेटच्या गोळ्याही आहेत. दोन वेळा मिळून २४ गोळ्या घ्याव्या लागतात.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. पेगचे द्रावण स्वतःचे पाणी घेऊन येते, तर ही औषधे शरीरातील पाणी आतड्यात ओढतात. ते पाणी भरून काढण्यासाठी वरून साधे पाणी आणि पातळ पेये प्यावीच लागतात. पिकोसल्फेटच्या दोन पुड्यांसोबत सुमारे २ लिटर पेय घ्यावे लागते. सल्फेटची छोटी बाटली पाणी घालून अर्ध्या लिटरपर्यंत वाढवायची, नंतर तासाभरात जवळपास १ लिटर पाणी आणि दुसऱ्या बाटलीला पुन्हा तेच. एकूण हिशेब सुमारे २.८ लिटरवर जातो. म्हणजे कमी होते ते बेचव औषध, एकूण द्रव नव्हे. केवळ औषध घेऊन पाणी टाळणाऱ्याचे आतडे नीट साफ होत नाही आणि त्याला चक्कर, स्नायूंत पेटके, रक्तदाब घसरणे असे त्रास होऊ शकतात. उलट वयस्क रुग्णाने पिकोसल्फेटसोबत निव्वळ साधे पाणीच भरपूर प्यायले, तर रक्तातील सोडियम घातक पातळीपर्यंत उतरू शकते. म्हणून पाण्याबरोबर ओआरएस किंवा मीठ घातलेले गाळीव सरबत आलटून-पालटून घ्यायला सांगतात.

सोडियम फॉस्फेटबाबत सावधगिरी का?

एके काळी सोडियम फॉस्फेटचे द्रावण सर्वांत सोयीचे मानले जाई. अवघे काही मिलिलिटर औषध आणि वरून पाणी. मात्र फॉस्फेट मोठ्या मात्रेत रक्तात गेल्यास कॅल्शियमसह त्याचे कण मूत्रपिंडात साचू शकतात. त्यातून झालेली इजा काही रुग्णांमध्ये कायमची ठरल्याचे आढळले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००६ मध्ये याबाबत सावध केले आणि डिसेंबर २००८ मध्ये फॉस्फेटच्या गोळ्यांवर सर्वोच्च दर्जाचा इशारा छापणे बंधनकारक केले. त्याच सुमारास तेथील एक लोकप्रिय द्रावण बाजारातून काढून घेण्यात आले. युरोपातील एंडोस्कोपी तज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शनात तोंडाने घ्यायचे फॉस्फेट नेहमीच्या वापरासाठी नको, असे स्पष्ट म्हटले.

वय जास्त असणे, मूत्रपिंडाचा विकार, शरीरात पाणी कमी असणे आणि रक्तदाबाच्या किंवा वेदनाशामक गोळ्या चालू असणे यांनी हा धोका वाढतो. कोलोनोस्कोपीला येणाऱ्या अनेकांमध्ये यांपैकी एक तरी बाब असतेच. त्यामुळे चिठ्ठीवर किंवा बाटलीवर ‘सोडियम फॉस्फेट’ दिसल्यास आपल्या मूत्रपिंडाच्या स्थितीची कल्पना डॉक्टरांना दिली आहे ना, याची खात्री करून घ्यावी.

मग कोणासाठी काय?

निरोगी मूत्रपिंड आणि हृदय असलेल्या रुग्णाला पेग, पिकोसल्फेट किंवा सल्फेट यांपैकी कोणतेही औषध चालू शकते. येथे चव, किंमत आणि कोणते औषध पूर्ण घेतले जाईल याला महत्त्व आहे. पूर्ण प्यायलेले साधे औषध अर्धवट टाकलेल्या महागड्या औषधापेक्षा केव्हाही उपयोगी.

मूत्रपिंडाचा विकार असल्यास मॅग्नेशियम आणि फॉस्फेट असलेली औषधे टाळून पेग दिले जाते, कारण हे क्षार बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडाचेच असते. हृदयविकाराचा रुग्ण, पाणी मोजून पिण्याची सूचना असलेला रुग्ण किंवा फिरणे कठीण झालेली वृद्ध व्यक्ती यांच्या बाबतीत रुग्णालयात दाखल करून तयारी करणे अधिक सुरक्षित ठरू शकते. जुनाट बद्धकोष्ठता, दीर्घकाळचा मधुमेह, पार्किन्सन किंवा अफूजन्य वेदनाशामके घेणाऱ्यांमध्ये आतडे संथ असते. त्यांना ठरावीक मात्रा पुरेलच असे नाही, म्हणून ही माहिती आधीच सांगणे आवश्यक असते. पोट फुगून शौच आणि वायू दोन्ही बंद झाले असतील, उलट्या होत असतील, तर आतड्यात अडथळा असू शकतो. अशा वेळी यांपैकी कोणतेही औषध घेणे धोक्याचे आहे.

कोणते औषध यापेक्षा ‘कधी’ का महत्त्वाचे?

गेल्या काही वर्षांत तज्ज्ञांचे सर्वाधिक एकमत झाले आहे ते औषधाच्या नावाबद्दल नव्हे, तर वेळेबद्दल. सगळे औषध आदल्या संध्याकाळी संपवण्यापेक्षा अर्धे आदल्या संध्याकाळी आणि अर्धे तपासणीच्या दिवशी पहाटे घेतल्यास आतडे अधिक साफ होते. कारण सोपे आहे. आतडे रात्री धुऊन निघाले तरी लहान आतड्यातून पित्त आणि चिकट स्राव येतच राहतो. सकाळपर्यंत उजव्या बाजूच्या अस्तरावर त्याचा थर बसतो. जेथे चपटे पॉलिप लपतात, तो भाग हाच.

युरोपीय मार्गदर्शनानुसार शेवटची मात्रा तपासणीच्या ५ तास आधीपर्यंतच्या काळात सुरू करावी आणि किमान २ तास आधी संपवावी. शेवटचे २ तास पोट रिकामे हवे, कारण गुंगीत उलटी होऊन द्रव श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. सकाळी ९ ची वेळ असेल, तर पहाटे ४ ला उठून पुन्हा औषध प्यायचे आणि ७ च्या आत थांबायचे. तपासणी दुपारी असेल, तर संपूर्ण औषध त्याच दिवशी सकाळी घेण्याचा पर्यायही असतो.

कागदावर हे सोपे दिसते. पण तालुक्याच्या गावाहून पहाटेच्या एसटीने पुण्या-मुंबईला तपासणीसाठी येणाऱ्या माणसाने दुसरी मात्रा घ्यायची कुठे? चाळीतल्या सामायिक शौचालयाबाहेर रात्री दहा-बारा खेपा कोणी कशा कराव्यात? अशा अडचणी रुग्ण संकोचाने सांगत नाहीत आणि सारे औषध आदल्या दुपारीच उरकतात. त्याऐवजी वेळ ठरवतानाच हे सांगितल्यास दुपारची वेळ मागता येते, आदल्या रात्री नातेवाइकांकडे मुक्काम करता येतो किंवा दाखल होता येते.

‘हलका आहार’ म्हणजे काय?

येथे सर्वाधिक गैरसमज होतो. हलके म्हणून अनेक जण फळे, कोशिंबीर, मुगाची उसळ खातात किंवा उपवास धरून शेंगदाण्याचा कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी घेतात. कोलोनोस्कोपीच्या दृष्टीने हेच पदार्थ अडचणीचे आहेत. न पचणारा चोथा, बिया आणि साली आतड्यात राहतात, दुर्बिणीची शोषनळी तुंबवतात. आदल्या दिवशी हवा तो कमी चोथ्याचा आहार : मऊ भात, मुगाच्या डाळीचे वरण, सालीशिवायचा उकडलेला बटाटा, इडली, दही-ताक, अंडे. भाकरी, पालेभाज्या, उसळी, टोमॅटो, वांगी, पेरू, तीळ, शेंगदाणे आणि सब्जा टाळावेत. बहुतेकांना ही पथ्ये एकच दिवस पुरतात. बद्धकोष्ठतेच्या रुग्णांना अधिक दिवस सांगितली जाऊ शकतात.

औषध सुरू झाल्यावर मात्र केवळ पारदर्शक पेये : पाणी, गाळलेले लिंबू सरबत, शहाळ्याचे पाणी, कोरा चहा. दुधाचा चहा आणि सोलकढी यांत बसत नाहीत. कोकम सरबत, बीट किंवा लाल-जांभळी पेयेही नकोत, कारण आतड्यात त्यांचा रंग रक्तासारखा दिसू शकतो. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी शहाळ्याचे पाणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. त्यात पोटॅशियम बरेच असते.

रोजच्या गोळ्यांचे काय?

लोहाच्या गोळ्यांनी मळ काळा आणि चिकट होतो. त्या साधारण ५ ते ७ दिवस आधी थांबवतात. इसबगोलही बंद ठेवतात. मधुमेहाच्या गोळ्या आणि इन्सुलिन नेहमीच्या मात्रेत घेऊन उपाशी राहिल्यास साखर धोकादायकरीत्या उतरू शकते, म्हणून त्या दोन दिवसांचे वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन गटातील गोळ्या काही दिवस आधीच थांबवायला सांगतात. उपाशीपोटी त्यांनी रक्तातील आम्लता वाढण्याचा धोका असतो. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांबाबतही विचारावे. रक्त पातळ करणारी औषधे मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. पॉलिप काढल्यावर रक्तस्राव होण्याचा धोका आणि स्टेंट किंवा झडप असलेल्या रुग्णात गुठळी होण्याचा धोका, हे दोन्ही तोलून तो निर्णय हृदयरोगतज्ज्ञांनी घ्यायचा असतो.

पोट पुरेसे साफ झाले, हे कसे ओळखावे?

किती वेळा जावे लागले यापेक्षा शेवटी काय बाहेर पडले हे पाहावे. द्रव पिवळसर, आरपार दिसणारा, लघवीसारखा असेल तर तयारी चांगली. तपकिरी, गढूळ किंवा कण असलेला द्रव येत असेल, तर निघण्यापूर्वीच रुग्णालयात फोन करावा. जादा द्रावण देऊन किंवा वेळ थोडी पुढे नेऊन बऱ्याचदा तपासणी वाचवता येते. हे लपवून टेबलावर गेल्यास तो पर्याय उरत नाही.

तपासणीनंतरही अहवालात तयारीचा दर्जा पाहावा. अनेक ठिकाणी ‘बॉस्टन’ गुणपद्धती वापरतात. त्यात आतड्याच्या उजव्या, मधल्या आणि डाव्या भागाला प्रत्येकी ० ते ३ असे एकूण ९ पैकी गुण दिले जातात. प्रत्येक भागाला किमान २ गुण असतील, तर तयारी पुरेशी मानतात. एकूण गुण ७ असूनही उजव्या भागाला १ च असेल, तर त्या भागाबद्दल अहवाल खात्री देऊ शकत नाही. तयारी अपुरी ठरल्यास वर्षभराच्या आत तपासणी पुन्हा करावी, असे मार्गदर्शन आहे. लक्षणे गंभीर असतील तर त्याहून लवकर. त्या वेळी पहिल्या खेपेस कोणते औषध घेतले, किती प्यायले आणि कोणत्या वेळी, हे डॉक्टरांना खरे सांगावे. पुढच्या वेळी औषध बदलायचे की वेळ, हे त्यावरूनच ठरते.